बिअर किट: पहिल्या २३ लिटरआधी काय घ्यावं, काय टाळावं?

खडीसाखर

नमस्कार मंडळी. मुक्काम रेडिंग, इंग्लंड. किटवरून घरी बिअर करायची आहे. माहितीपत्रकात फार काही नाही: डबा उघडा, साखर घाला, पाणी घाला, यीस्ट टाका, थांबा. पण जालावर वाचायला गेलं की जो तो त्यातली निम्मी वाक्यं खोडून काढतो.

सामानाचा तयार सेट घ्यावा की सुटं सामान? पहिलं किट लागरचं (थंडीत आंबणारी बिअर) घ्यावं की एलचं (उबेत आंबणारी)? माहितीपत्रक म्हणतं १८ ते ३२ अंश काहीही चालेल, हे कितपत खरं? आमच्या फ्लॅटमध्ये हीटिंग सकाळ-संध्याकाळच चालतं, रात्री स्वयंपाकघर १५ अंशांवर येतं. पुढे बाटल्या भराव्यात की बॅरल? आणि घरच्या ज्येष्ठांना एकच धास्ती आहे, घरी केलेल्या दारूत मिथेनॉल होऊन माणसं दगावतात ती. त्यांना नीट उत्तर द्यायचं आहे.

माल्टेश

सामान सुटंच घ्या. सेटमध्ये जागा भरायला टाकलेल्या वस्तू बऱ्याच असतात. विल्को ही दुकानांची साखळी २०२३ साली बंद पडल्यापासून हाय स्ट्रीटवर हे सामान सहज मिळत नाही, त्यामुळे ऑनलाइन होमब्रू दुकानांवरच भिस्त.

बादली ३० लिटरची, खाद्यपदार्थांसाठीची, घट्ट झाकणाची आणि तळाशी तोटी असलेली. २५ लिटरची स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. तिच्यात २३ लिटर भरले की फेसाला जागाच उरत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो एअरलॉकमधून (झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी) गालिच्यावर उतरतो. हायड्रोमीटर (घनता मोजणारी काचेची काडी) आणि त्याची उभी नळी यांत काटकसर नको. बादलीवर चिकटवायची तापमानाची पट्टी दोन-तीन पौंडांत मिळते. ढवळायला लांब प्लास्टिकचा चमचा (लाकडी नको, त्याच्या चिरांतले जंतू निघत नाहीत). बाटल्या भरायला तोटीत बसणारी, टोकाला झडप असलेली नळी. झाकणं बसवायला दोन दांड्यांचं यंत्र पुरेसं आहे.

बाटल्या विकत घ्यायची गरज नाही. सुपरमार्केटातल्या ५०० मिलीच्या तपकिरी बिअरच्या बाटल्या साठवा. पिऊन झाल्या-झाल्या तीनदा विसळून उपड्या ठेवायच्या, तळाला गाळ वाळला की ब्रशही हात टेकतो. फिरकीचं झाकण असलेल्या नकोत, त्यांवर बिल्ला (पत्र्याचं झाकण) नीट बसत नाही. हिरव्या आणि पारदर्शकही नकोत. उजेडात हॉप्समधल्या (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधल्या) द्रव्याचं विघटन होऊन घाणेरडा वास येतो, आणि पारदर्शक बाटलीत उन्हाची काही मिनिटंही त्याला पुरतात.

आता स्वच्छता. धुणं आणि निर्जंतुक करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि क्रम बदलत नाही. चिकट राहिलेल्या पृष्ठभागावर सॅनिटायझर ओतून काहीही साधत नाही. आधी गरम पाणी आणि बिनवासाचा साबण किंवा ऑक्सिजनवालं क्लीनर, खसखसून न घासता मऊ स्पंजाने, कारण प्लास्टिकवर ओरखडा उठला की तिथे कायमची वस्ती होते. मग स्टार सॅन किंवा केमसॅन, लिटरला १.५ मिली, पृष्ठभाग दोन मिनिटं ओला राहिला पाहिजे. नंतर धुवायचं नाही. उरलेला फेस बिअरचं काही बिघडवत नाही.

रेडिंगकरांसाठी खास: तुमच्याकडचं पाणी चुनखडीचं, जड आहे. हे सॅनिटायझर आम्लाच्या जोरावर चालतं आणि जड पाण्यात ते लवकर दुधाळ होऊन निकामी होतं. म्हणून स्प्रेच्या बाटलीत गाडीच्या बॅटरीला घालतात तसलं डिआयोनाइज्ड पाणी वापरा, महिनोन् महिने टिकतं. क्लोरीनवाली पावडर (व्हीडब्ल्यूपी वगैरे) वापरलीत तर मात्र भरपूर पाण्याने खळखळून धुवावं लागेल.

क्लोरीन आलंच आहे तर: नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि क्लोरामाइन यीस्टच्या संगतीने औषधी वासाची द्रव्यं तयार करतात, थेट टीसीपी या जंतुनाशकाचा वास. क्लोरामाइन उकळूनही पटकन जात नाही. कॅम्पडेनची (सल्फाइटची) अर्धी गोळी कुस्करून २३ लिटर पाण्यात ढवळली की काही मिनिटांत काम होतं. खर्च पेन्सांत.

प्रत्यक्ष कृती अर्ध्या-पाऊण तासाची आहे. डबा दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवा म्हणजे आतला माल्टचा (मोड आणलेल्या बार्लीचा) काकवीसारखा अर्क पातळ होतो. यीस्टची पुडी झाकणाखालून आधीच काढून घ्या. बादलीत अर्क आणि दोन लिटर उकळतं पाणी, डबा गरम पाण्याने विसळून तेही आत. मग साखर किंवा स्प्रेमाल्ट (माल्टच्या अर्काची पावडर) पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. स्प्रेमाल्ट वाफेवर ओतलंत तर त्याचे दगड होतात, ते थोड्या गार पाण्यात आधी कालवून घ्या. त्यानंतर गार पाणी १८ लिटरच्या खुणेपर्यंत, तापमान बघा, आणि शेवटचे लिटर गार की कोमट ते त्यावरून ठरवा. मिश्रण १९-२० अंशांवर यायला हवं. या टप्प्यावर जोरात ढवळा, उंचावरून ओता, हवा मिसळू द्या. यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो. हीच हवा आंबणं संपल्यावर बिअरची वैरी होते आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आणते.

हायड्रोमीटरची नोंद करा, यीस्ट भुरभुरवा, झाकण लावा, एअरलॉकमध्ये निम्मं पाणी. नंतर विरजणासारखं वागा, सारखं झाकण उघडून बघायचं नाही. एअरलॉक बुडबुडत नाही म्हणून घाबरू नका. बादलीची झाकणं कडेने गळतात, वायू तिथून जातो. खरं काय ते हायड्रोमीटर सांगतं.

कडवट

माल्टेश यांच्याशी सहमत, पण कृतीतला सर्वात मोठा निर्णय त्यांनी ‘साखर किंवा स्प्रेमाल्ट’ असं म्हणून उडवून लावला.

हिशोब करून बघा. १.७ किलोच्या डब्यात आंबण्याजोगा ऐवज इतका असतो की २३ लिटरला साधारण २२ अंक मिळतात, म्हणजे घनता १.०२२ (पाण्याची १.०००). वरून एक किलो साखर घातली की आणखी सोळा-सतरा अंक. एकूण १.०३९. म्हणजे तुमच्या बिअरचा चाळीस टक्क्यांहून अधिक जोर साध्या साखरेतून आला. साखर शंभर टक्के आंबते, मागे काही ठेवत नाही. अल्कोहोल मिळतं, पण अंग नाही, फेस टिकत नाही आणि घोट पाण्यासारखा उतरतो.

साखरेने सायडरसारखी (सफरचंदाच्या दारूसारखी) चव येते असं सर्रास लिहिलं जातं, ते मला पटत नाही. ती चव बहुतेक वेळा गरम जागेत, म्हाताऱ्या आणि अपुऱ्या यीस्टने आंबवल्याची असते आणि साखर फुकट बदनाम होते. साखरेचा दोष पातळपणा, आंबटपणा नव्हे.

पहिल्या खेपेसाठी माझं प्रमाण: १.७ किलोचा एक डबा, ५०० ग्रॅम फिकट स्प्रेमाल्ट, ५०० ग्रॅम डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची साखर), आणि पाणी २३ ऐवजी २१ लिटरपर्यंत. सुरुवातीची नोंद १.०४१ च्या आसपास यावी. शेवट १.०१० वर झाला तर (१.०४१ वजा १.०१०) गुणिले १३१.२५, म्हणजे चार टक्क्यांच्या जरा वर. बाटलीतल्या साखरेने आणखी ०.३ पडतं. बिटर (कडसर इंग्लिश एल) असेल तर डेक्स्ट्रोजही काढून पूर्ण एक किलो स्प्रेमाल्ट घाला. दोन डब्यांची तीन किलोची किटं मिळतात, त्यांत वरून काहीच घालावं लागत नाही. महाग पडतात, पण नवख्याने तीच घ्यावीत.

डबा घेताना तारीख बघा. सवलतीत मिळणाऱ्या डब्यांची मुदत संपत आलेली असते. अर्क डब्यातच काळवंडत जातो आणि शाईसारखी, जुनाट गोडसर चव येते. ज्याला सगळे ‘किटची चव’ म्हणतात तिचा निम्मा हिस्सा हा. झाकणाखालची यीस्टची पुडीही तितकीच जुनी असते, दुकानाच्या शेल्फावर उन्हाळे काढलेली.

ब्रिस्बेनकर

यीस्ट आणि तापमान यांवर लिहितो, कारण आमच्याकडे त्रास उलटा असतो आणि त्यामुळे नीट कळतो.

माहितीपत्रकातला १८ ते ३२ अंशांचा पल्ला म्हणजे यीस्ट जिवंत राहील तो पल्ला. बिअर चांगली होईल तो पल्ला एलसाठी १८ ते २१. त्याच्या वर, विशेषतः २४ च्या पुढे, यीस्ट जड अल्कोहोलं आणि नेलपॉलिशच्या वासाची द्रव्यं सोडतं. दुसऱ्या दिवशी डोकं धरतं ते त्यांच्यामुळेही असं काहीजण म्हणतात. १६ च्या खाली ते झोपतं आणि तळाला बसतं.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की पट्टीवर दिसायला हवं ते बादलीचं तापमान, खोलीचं नव्हे. आंबताना स्वतःची उष्णता तयार होते आणि ऐन जोरात मिश्रण खोलीपेक्षा दोन ते चार अंशांनी गरम असतं. म्हणजे खोली २२ वर असेल तर आत २५-२६. चवीचं बरंवाईट पहिल्या तीन दिवसांत ठरतं, तेवढे दिवस सांभाळा. नंतर दोन अंश वर गेलं तर उलट चांगलं, यीस्ट स्वतःचा पसारा आवरून घेतं.

खडीसाखर, तुमच्या १५ अंशांच्या रात्रीवर स्वस्त तोडगा: बादली मोठ्या टबमध्ये ठेवा, टबात बादलीच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी आणि त्यात फिशटँकचा हीटर २० अंशांवर. पाण्यामुळे तापमान दिवस-रात्र जवळपास हलत नाही. बादलीला गुंडाळायचा पट्टा मिळतो, पण तो थर्मोस्टॅटच्या प्लगशिवाय लावला तर गरम करतच राहतो. उन्हाळ्यात तोच टब, हीटरच्या जागी गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, सकाळ-संध्याकाळ बदलायच्या.

किटसोबतची पुडी पाच ते सात ग्रॅमची असते. २१-२३ लिटरला ती जेमतेम. सेफएल यूएस-०५, एस-०४ किंवा नॉटिंगहॅम, यांपैकी एक ११ ग्रॅमची पुडी वेगळी घ्या. इंग्लिश बिटरला एस-०४, कारण ते तळाला घट्ट बसतं आणि बाटली ओतताना गाळ हलत नाही. तटस्थ चव हवी तर यूएस-०५. तीस अंशांच्या वर आंबवण्यावाचून इलाजच नसेल तर नॉर्वेचं क्वाइक जातीचं यीस्ट आहे, ते पस्तिशीतही नीट वागतं.

लागर पहिल्यांदा नकोच. लागरच्या बऱ्याच किटांत यीस्ट एलचंच असतं, त्यामुळे १९ अंशांवर हातात येते ती फिकट एल. खरं लागर यीस्ट (डब्ल्यू-३४/७० सारखं) १२ अंशांच्या आसपास खुलतं आणि नंतर कित्येक आठवडे थंडीत ठेवावं लागतं. त्याला वेगळा फ्रिज लागतो. शिवाय फिकट, सौम्य बिअरमध्ये प्रत्येक चूक उघडी पडते. स्टाउट (काळी एल) किंवा बिटर घ्या, भाजलेल्या माल्टची चव बरंच पोटात घालते. तुमच्या चुनखडीच्या पाण्याला स्टाउट मानवतेही.

पर्वतीपायथा

छान धागा. ही किटं सामानातून पुण्याला आणता येतील का? इथे मे महिना सोडला तर तापमानाचं काहीतरी जमवता येईल असं वाटतं.

माल्टेश

@पर्वतीपायथा, तापमान जमेल, कायदा नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे. त्यात बिअर आली, आणि ‘घरच्यापुरती’ अशी सूट नाही. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीज परवाना घेऊन चालतात. त्यामुळे तुमच्यासाठी तूर्त वाचनानंदच. इंग्लंडात १९६३ पर्यंत घरी करायलाही परवाना लागायचा. तेव्हापासून स्वतःच्या वापरासाठी परवाना नाही, कर नाही, प्रमाणावर मर्यादा नाही. विकता मात्र येत नाही. जत्रेत स्टॉल लावून शेजाऱ्यांना ग्लासामागे पौंड घेणं हीही विक्रीच.

मिथेनॉलचा प्रश्न याच ओघात. यीस्ट माल्टच्या साखरेचं इथेनॉल करतं. मिथेनॉल प्रामुख्याने फळांतल्या पेक्टिनमधून येतं, धान्याच्या बिअरमध्ये ते नगण्य असतं. मुख्य म्हणजे आंबवण्यात काहीही एकवटत नाही. एकवटायला ऊर्ध्वपातन लागतं, आणि ते इंग्लंडातही घरच्यापुरतं केलं तरी परवान्याशिवाय बेकायदा आहे. आपल्याकडे ज्या दुर्घटना लोकांच्या लक्षात आहेत त्यांचं कारण वेगळं. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली, ती कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारू म्हणून विकलं गेल्यामुळे. ज्येष्ठांना सांगा, किटच्या बिअरमध्ये खरा धोका असेल तर तो विषाचा नाही, बाटली फुटण्याचा आहे. त्यावर कोणीतरी सविस्तर लिहा.

खडीसाखर

सर्वांचे मनापासून आभार. तीन किलोचं बिटरचं किट घेतलं, यीस्ट एस-०४, टब आणि फिशटँकचा हीटर. सुरुवातीची नोंद १.०४०. तापमान १९-२० वर स्थिर आहे. पण आठ दिवस झाले आणि नोंद १.०२० वर अडकली आहे, तीन दिवसांत हललेली नाही. रिफ्रॅक्टोमीटरने मोजतोय, दोन थेंबांत काम होतं आणि बिअर वाया जात नाही. यीस्ट पुन्हा घालू का? की आहे ती बाटल्यांत भरू?

कडवट

थांबा, दोन्ही नको. रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वाकतो ते मोजतो, आणि अल्कोहोलही प्रकाश वाकवतं. आंबायच्या आधी तो अचूक, यीस्ट टाकल्यानंतरचा आकडा थेट वाचायचा नसतो. १.०४० पासून सुरुवात झालेल्या बिअरमध्ये रिफ्रॅक्टोमीटर १.०२० दाखवत असेल तर खरी घनता १.०१० च्या जवळ असते. सूत्रं आहेत, पण त्यापेक्षा हायड्रोमीटर बुडवा. नळीतली बिअर आधी गोल हलवून वायू उडवून द्या, नाहीतर बुडबुडे काडीला वर उचलतात आणि नोंद खोटी येते. तुमचा हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेला आहे ना, तेही काचेतल्या कागदावर बघा. तीस अंशांच्या द्रवात तो अडीच-तीन अंक कमी दाखवतो. आणि मोजलेली बिअर परत बादलीत ओतायची नाही, प्यायची. चव कळत जाते.

हायड्रोमीटरही १.०२० म्हणाला तर मग खरोखर अडकली समजा. दोन डब्यांच्या किटांत असं होतं, बहुधा एखाद्या रात्री गारठ्याने यीस्ट तळाला बसल्यामुळे. त्यावर उपाय क्रमाने: तापमान २१ वर न्या, बादली न उघडता धरून हळूच गोल हलवा म्हणजे तळचं यीस्ट वर येईल, तीन दिवस थांबा. तरीही ढिम्म असेल तरच नवी पुडी, तीही १०० मिली उकळून तीस अंशांवर आणलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून.

खडीसाखर

हायड्रोमीटरवर १.०११. दोन दिवसांनी पुन्हा १.०११. चव कोमट, सपाट, पण बिटरचीच. आता बाटल्या?

कडवट

आता बाटल्या. अजून दोन-तीन दिवस तशीच ठेवलीत तर गाळ आणखी बसेल आणि लोण्यासारखा किंवा कच्च्या सफरचंदासारखा वास असेल तर यीस्ट तो खाऊन टाकेल. घाई फक्त तुम्हाला आहे.

माल्टेश यांनी सोडलेला बाटली फुटण्याचा मुद्दा घेतो, कारण नोंद दोनदा सारखी येईपर्यंत थांबायचं ते यासाठीच. बिअरमध्ये विरघळलेला वायू तिच्या आकारमानाच्या पटीत मोजतात. २० अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये ०.८५ पट आधीच असतो. लिटरला चार ग्रॅम साखर घातली की सुमारे एक पट वाढतो. इंग्लिश बिटरला एकूण १.९ पट पुरे, पेल एलला २.३ ते २.४, लागरच्या धाटणीला २.७. म्हणजे ५०० मिलीच्या बाटलीला अनुक्रमे २ ग्रॅम, ३ ग्रॅम, साडेतीन ग्रॅम साधी साखर. डेक्स्ट्रोज असेल तर दहा टक्के जास्त.

आता आंबणं अर्धवट असताना भरलीत तर? घनतेचा प्रत्येक उरलेला अंक बाटलीत जवळजवळ अर्धा पट वायू वाढवतो. चार अंक शिल्लक असताना भरलेली पेल एल साडेचार पटींच्या घरात जाते. साधी बिअरची बाटली तीन-साडेतीन पटींपर्यंत निर्धास्त, त्यापुढे काच कधी दगा देईल सांगता येत नाही. एक फुटली की तिच्या दणक्याने शेजारच्याही जातात. म्हणून पहिले दोन आठवडे बाटल्या झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यात, लहान मुलांपासून दूर.

चमच्याने प्रत्येक बाटलीत साखर घालत बसू नका, एकीत जास्त एकीत कमी होतेच. दुसरी तोटीवाली बादली असेल तर तुमच्या २३ लिटरमधून गाळ वजा जाता २२ लिटर मिळतील असं धरा: ८५ ते ९० ग्रॅम साखर २०० मिली पाण्यात पाच मिनिटं उकळा, गार करून बादलीच्या तळाशी ओता, आणि बिअर नळीने त्यावर उतरवा. नळीचं तोंड द्रवाखाली, गोल फिरेल असं. खळखळाट झाला की प्राणवायू मिसळला. दुसरी बादली नसेल तर अडीच-तीन ग्रॅमचे साखरेचे खडे मिळतात, बाटलीला एक.

झडपेची नळी बाटलीच्या तळाला टेकवून भरा. नळी बाहेर काढली की वर जी जागा उरते तेवढीच मोकळी हवी. झाकणं सॅनिटायझरमध्ये बुडवून लगेच बसवा. आणि एक बाटली मुद्दाम सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा (पाण्याची नको, ती दाब धरत नाही). ती रोज दाबून बघा. दगडासारखी टणक झाली की बाकीच्यांतही वायू तयार झालाय. अति टणक वाटली तर एक काचेची उघडून खात्री करा.

दोन आठवडे १८ ते २० अंशांवर, मग गार जागी आणखी दोन. बिटर तेव्हा पिण्याजोगी होते, स्टाउटला आणखी महिना दिलात तर तिचं भलं होतं.

ब्रिस्बेनकर

पुढच्या खेपेला हॉप्स घालून बघा. डब्यातल्या अर्काला कडूपणा असतो, सुवास नसतो. आंबण्याचा जोर ओसरल्यावर, पाचव्या-सहाव्या दिवशी, ४०-५० ग्रॅम कॅस्केड जातीच्या हॉप्सच्या गोळ्या उकळलेल्या मलमलच्या पिशवीत बांधून सोडा, तीन-चार दिवस. पिशवी नसेल तर चोथा तोटीत अडकतो आणि बाटल्या भरताना दर दोन मिनिटांनी धार तुटते.

बॅरलविषयी कोणीच लिहिलं नाही. २५ लिटरची प्लास्टिकची दाबाची बॅरल बिटर आणि स्टाउटला छान, कारण ती कमी दाब धरते आणि त्यांना कमीच लागतो. साखर ८० ग्रॅम. लागरला ती उपयोगाची नाही. वायू गळतो तो जवळपास नेहमी झाकणाच्या रबरी कडीतून. कडीला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, झाकण हातानेच आवळा. पान्याने आवळलं की कडी पिळवटते आणि जास्तच गळते.

खडीसाखर

बाटल्या भरल्या, खोक्यात ठेवल्या. शेवटचा प्रश्न: बादलीच्या तळाला बोटभर गाळ आहे. टाकून द्यायचा? आणि कडेला तपकिरी कडं चिकटलंय, ते जंतूंचं नाही ना?

माल्टेश

कडं फेसाचं आहे, नेहमीचं. जंतूंचं लक्षण वेगळं असतं. पृष्ठभागावर पांढरा, सुरकुतलेला पापुद्रा, व्हिनेगरचा वास, आणि बाटली उघडल्यावर निम्मी बिअर कारंज्यासारखी बाहेर. कडं रात्रभर ऑक्सिजनवाल्या क्लीनरच्या कोमट पाण्यात भिजवा, सकाळी न घासता निघतं. तोटी पूर्ण सुटी करून धुवा. संसर्ग एकदा झाला आणि पुन्हा पुन्हा होत राहिला की दोष तोटीच्या आटेवजा भागात दडलेला असतो.

गाळ म्हणजे यीस्टच. निर्जंतुक बरणीत २०० मिली भरून झाकण सैल लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन आठवड्यांत पुढच्या खेपेला वापरता येतो. पुडीचे पैसे वाचतात आणि आंबणं काही तासांत सुरू होतं. हॉप्स घातलेल्या खेपेचा गाळ मात्र ठेवू नका. तो बागेत कंपोस्टमध्ये टाकायचा असेल तर खोल पुरा किंवा झाकणाच्या पेटीत टाका, कारण हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात. खाल्ले तर अंगातलं तापमान झपाट्याने चढतं आणि कुत्रं दगावू शकतं. तुमच्याकडे नसेल, पण शेजारच्यांचं कुंपण ओलांडून येत असेल.